आधी उपचार ठरला, मग हात पसरले

माझ्या धाकट्या भावाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी गेल्या वर्षी आम्ही लोकांकडून पैसे उभे केले. तेव्हापासून अधूनमधून अनोळखी नंबरवरून फोन येतो. "ताई, तुमचा नंबर अमक्यांनी दिला. आमच्या जावयाला असंच झालंय. पैशाचं तुम्ही कसं केलंत, तेवढं सांगा." मी सांगते, पण फोनवर निम्मं राहून जातं आणि समोरचा माणूस इतका गोंधळलेला असतो की उरलेलं निम्मं त्याच्या कानात शिरत नाही. म्हणून सगळं लिहून काढते आहे.

भाऊ चौतीस वर्षांचा. ऐरोलीला राहतो, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. भावजय घरी शिवणकाम करते. भाची सीनियर केजीत. मी कळव्याला राहते आणि ठाण्यात एका सहकारी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. या नोकरीचा पुढे फार उपयोग झाला.

त्याच्या मानेत गाठ आली. बायोप्सीत लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींपासून होणारा गाठींचा कॅन्सर निघाला, डिफ्यूज लार्ज बी-सेल या जातीचा. पहिली केमो झाली, ज्याला सगळे आर-चॉप म्हणतात ती. कॅन्सर कुठे उरलाय ते दाखवणारा पेट स्कॅन स्वच्छ आला, आम्ही पेढे वाटले, तो कामावर रुजू झाला. वर्ष व्हायच्या आत पोटात पुन्हा गाठी दिसल्या. मग दुसऱ्या औषधांची, जास्त कडक केमो. बेत असा होता की तिने आजार आटोक्यात आला की त्याच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, त्याला परत देऊन ट्रान्सप्लांट करायचं. आजार आटोक्यात आला नाही, त्यामुळे ट्रान्सप्लांटचा रस्ता बंद झाला. तेव्हा डॉक्टरांनी कार-टीचं नाव काढलं.

कार-टीत पेशंटच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, मशीनने बाजूला काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवा जीन घालतात, त्यामुळे त्या पेशींना कॅन्सरच्या बी-पेशींवरची सीडी-१९ नावाची खूण ओळखता येते. मग त्यांची संख्या वाढवून त्या पुन्हा शिरेतून शरीरात सोडतात. परदेशात याला तीन-चार कोटी लागतात. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी ही थेरपी इथेच तयार केली, तिचं नाव नेक्सकार-१९. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला तिचं लोकार्पण झालं. टाटाचं खारघरचं केंद्र, ज्याला सगळे ॲक्ट्रेक म्हणतात, तिथे तिच्या चाचण्या झाल्या. ऐरोलीहून ठाणे-पनवेल लोकलने तासाभराच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी जगातला अगदी नवा उपचार होता. आणि त्याचा खर्च, हॉस्पिटलमधलं राहणं आणि गुंतागुंत धरून, चाळीस लाखांच्या वर होता.

तो आकडा ऐकला तेव्हा भावजयीने पर्समधून छोटी वही काढली, आकडा लिहिला आणि वही मिटून ठेवली. घरी येईपर्यंत कोणी काही बोललं नाही.

मी दुसऱ्या दिवसापासून हक्काचे पैसे शोधायला लागले. लोकांपुढे हात पसरायचा तो त्यानंतर, हे मला सुरुवातीपासून पक्कं वाटत होतं. कंपनीचा मेडिक्लेम पाच लाखांचा. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, उत्तर आलं की ही थेरपी बसत नाही. मी पॉलिसीची कागदपत्रं वाचली. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची बारा नावांची यादी काढली आहे आणि विमा कंपन्यांनी त्या उपचारांना सरसकट नकार द्यायचा नाही असं सांगितलं आहे. त्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीची इम्युनोथेरपी आहे, रक्ताच्या आजारातल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी स्टेम सेल थेरपी आहे, पण कार-टी नावाने नाही. बरीच पत्रापत्री झाली. शेवटी पेशींच्या खर्चाला नकार कायम राहिला, मात्र खोलीचं भाडं, केमो, रक्त, आयसीयू हा भाग त्यांनी मान्य केला. नकाराचं पत्र आलं म्हणून फाइल बंद करू नका, खर्चाचे तुकडे पाडून एकेक तुकडा विचारा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

सरकारी योजनांत आम्ही मधल्या मध्ये अडकलो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ती ठरलेल्या आजारांच्या ठरलेल्या पॅकेजवर चालते. आम्ही विचारलं तेव्हा कार-टीचं पॅकेज नव्हतं. मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय मदतीला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजारांची. म्हणजे महिन्याला जेमतेम तेरा हजार. भावाचा पगार त्याहून जास्त, आणि चाळीस लाखांसमोर तो पगार म्हणजे काहीच नाही. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीकडे खासदारांचं पत्र जोडून अर्ज केला. तिथून मंजूर झालेली रक्कम थेट हॉस्पिटलकडे गेली. हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करने काही ट्रस्टचे अर्ज भरून घेतले. या सोशल वर्कर बाई नसत्या तर मला निम्मे दरवाजे माहीतच झाले नसते. डॉक्टरांना भेटायच्या आधी त्यांना भेटा असं म्हणायला मी कचरणार नाही. कोणता ट्रस्ट कोणत्या महिन्यात अर्ज घेतो, कोणाला मूळ रेशनकार्ड लागतं, कोणाला एस्टिमेटवर हॉस्पिटलचा गोल शिक्का लागतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

या सगळ्या धावपळीत पर्यायी उपचार घरात शिरले. आधी साधेसुधे. कोणी लक्ष्मणफळ आणून दिलं, कोणी गव्हांकुरांचा रस, कोणी गोमूत्राचा अर्क. कर्नाटकातल्या कुठल्याशा गावी झाडाची साल देणारे वैद्य आहेत, पहाटे रांग लावावी लागते, असंही कळलं. आणणाऱ्यांच्या मनात माया होती, त्यांना दुखवायचं कसं? भावाने एक युक्ती केली. जे कोणी जे देईल ते घ्यायचं, कागदावर नाव लिहायचं आणि पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा. डॉक्टरांनी रागावून कधी काही म्हटलं नाही. केमो चालू असताना यकृतावर ताण येईल असं काही नको म्हणून ते बहुतेक नावांवर काट मारत आणि फळं-भाज्या नीट शिजवून, सोलून खा म्हणत.

मग साताऱ्याहून मामा आले. मामांचा भाच्यावर फार जीव. त्यांच्या ओळखीत कोणाला तरी घाटावरच्या एका शहरातल्या निसर्गोपचार केंद्रात गुण आला होता. तीन महिन्यांचा कोर्स, सहा लाख रुपये. त्यात शिरेतून व्हिटॅमिन सी, रसाहार, ऑक्सिजनच्या पेटीत बसवणं आणि "शरीरातलं विष काढणं". मामा म्हणाले, "दोन लाख मी आजच्या आज देतो. पण तिकडे नेणार असाल तर."

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती मला आधी उमगली नव्हती आणि फोन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात ती दिसते. भावजय मामांच्या बाजूने होती. ती अंधश्रद्ध नाही, बी.कॉम. झालेली आहे. पण सहा लाख आम्हाला दिसत होते. दागिने, मामांचे दोन, माझे थोडे, की झाले सहा लाख. चाळीस लाख दिसतच नव्हते. जो उपचार परवडतो तो हळूहळू खराही वाटायला लागतो. "केमोने काय दिवे लावले?" हे वाक्य त्या दिवसांत घरात फार वेळा बोललं गेलं, आणि त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं, कारण केमोने खरंच आम्हाला दगा दिला होता.

मी म्हटलं, जाऊन बघू. मामा, भावजय आणि मी गेलो. भावाला घरी ठेवलं. स्वागतकक्षात भिंतभर फोटो, हार घातलेले पेशंट आणि शेजारी ते गृहस्थ. आमच्या हातात पेट स्कॅनची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट, गाठीच्या जपून ठेवलेल्या तुकड्याचा, म्हणजे ब्लॉकचा नंबर, सगळी जाडजूड फाइल होती. त्यांनी ती उघडली नाही. टेबलावर हात ठेवून म्हणाले, "ही फाइल तुम्ही विसरून जायची." केमो, कार-टी, सगळं बंद. मी विचारलं, लिम्फोमाचे किती पेशंट झाले आणि वर्षानंतर ते कसे आहेत? म्हणाले, भिंत बघा. मी विचारलं, यातला लिम्फोमाचा कोणता? त्यांनी विषय बदलला. पैशाचं विचारलं तर निम्मे रोख आणि निम्म्यांची पावती देणगी म्हणून. पतसंस्थेत वीस वर्षं पावत्या बघणारी मी. उपचाराचे पैसे देणगी म्हणून घेणारा माणूस उद्या उपचाराची जबाबदारी घेणार नाही, एवढं मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

परत आल्यावर मी थोडं वाचलं. आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. कॅन्सरसह काही ठरावीक आजार औषधाने बरे करतो अशी जाहिरातच करायची नाही, असं तो कायदा सांगतो. तरी भिंती फोटोंनी भरलेल्या असतात, कारण तक्रार करायला बहुतेकदा कोणी उरत नाही. मला आयुर्वेदाबद्दल आकस नाही. माझ्या आईचा दमा वैद्यांच्या औषधाने कमी झालेला मी पाहिला आहे. भाऊ केमोच्या दिवसांत हॉस्पिटलमधल्याच योगाच्या वर्गाला बसायचा, त्याला झोप बरी लागायची. पण चालू उपचार बंद करा म्हणणारा आणि रिपोर्ट न बघणारा माणूस तो कोणत्याही पॅथीचा असो, मला चालणार नाही.

निर्णय मात्र भावाचा होता. रात्री जेवणं झाल्यावर त्याने मामांना समोर बसवलं आणि म्हणाला, "मामा, दोन्हीकडे मी मरू शकतो. खारघरला निदान ते मला आधी सांगतात तरी." मामा दुसऱ्या दिवशी गावी गेले. पैसे त्यांनी दिले नाहीत. पण थेरपी सुरू झाली तेव्हा तांदळाचं पोतं घेऊन आले आणि भाचीला शाळेत सोडणं-आणणं महिनाभर त्यांनी केलं. ते पैशापेक्षा कमी नव्हतं.

लोकांकडे मागायला आम्ही यानंतर निघालो. घरातलं आधी घातलं. भावाने पीएफमधून आजारपणासाठीची उचल घेतली. त्यासाठी तेव्हा फॉर्म ३१ लागायचा आणि आजारपणाला किमान नोकरीची अट नव्हती, हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. एलआयसी पॉलिसीवर कर्ज काढलं. भावजयीचे दागिने मोडले, मंगळसूत्र सोडून. माझ्या भिशीतल्या बायकांनी त्या महिन्याची चिठ्ठी टाकलीच नाही, अख्खी भिशी माझ्या हातात ठेवली. असे साधारण अकरा लाख झाले. "घरचं किती घातलंत?" हा प्रश्न लोक तोंडावर विचारत नाहीत, पण मनात असतो, आणि तो रास्त आहे. म्हणून आकडा आम्ही निवेदनातच लिहिला.

ते निवेदन लिहायला मी आणि भाऊ दोन रात्री बसलो. चुलतभाऊ म्हणाला, असं लिही की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. माझं म्हणणं वेगळं होतं. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला आपण कशावर पैसे लावतोय ते कळलं पाहिजे. मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं की किती जणांना गुण येतो. ते म्हणाले, चाचण्यांत साधारण ७० टक्के पेशंटना प्रतिसाद मिळाला, सगळ्यांचा टिकतो असं नाही, काहींचा आजार काही महिन्यांत परततो, आणि उपचाराचाही धोका आहे. आम्ही तसंच लिहिलं:

"माझ्या भावाचा लिम्फोमा दोन प्रकारच्या केमोनंतर परत आला आहे. डॉक्टरांनी कार-टी थेरपी सुचवली आहे. शंभरांत साधारण सत्तर पेशंटना हिचा उपयोग होतो, पण तो सगळ्यांचा टिकत नाही आणि आमच्या बाबतीत काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. हॉस्पिटलचं एस्टिमेट सोबत आहे. घरचे अकरा लाख घातले आहेत, विमा आणि ट्रस्टकडून काही येईल. उरलेल्यासाठी तुमच्याकडे मागतो आहोत. पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात, फाइल नंबर टाकून भरावेत. उपचार झाला नाही तर काय करायचं ते देणाऱ्यांना विचारून ठरवू."

चुलतभाऊ म्हणाला, "हे सत्तर टक्के वगैरे काढ. उरलेले तीस वाचून लोक थांबतील." काही थांबलेही. एका नातेवाइकांनी फोन करून सांगितलं की एवढी अनिश्चितता असेल तर हे पैसे पोरीच्या नावावर टाका, तिचं शिक्षण होईल. फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते. पण खरं सांगायचं तर भावाने स्वतः हेच आदल्या आठवड्यात मला म्हटलं होतं. "ताई, माझ्यावर घालवण्यापेक्षा हिच्या नावावर एफडी करा." मी त्याला म्हटलं, लोक एफडीसाठी पैसे देत नाहीत रे, तुझ्यासाठी देतात. तिला बाप मिळावा म्हणून देतात. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

निवेदनाचा एक परिणाम मी धरून चालले नव्हते. ते खरं असल्यामुळे लोकांना ते पुढे पाठवताना संकोच वाटला नाही. भावाच्या कंपनीतल्या युनियनने प्रत्येकाचा एक दिवसाचा पगार कापून दिला. कंत्राटी मुलांना आम्ही नको म्हटलं, तरी त्यांनी वेगळे गोळा केले. त्याच्या दहावीच्या बॅचने ग्रुपवर एस्टिमेटची एकेक ओळ वाचून प्रश्न विचारले आणि मग भरले. ऐरोलीतल्या एका गणेशोत्सव मंडळाने सजावटीचा खर्च कमी करून चेक दिला. त्या कार्यकर्त्यांनी फक्त एक मागितलं, हॉस्पिटलची पावती मंडपात लावू द्या. लावली.

ऑनलाइन मोहीमही काढली. तिचा उपयोग होतो, विशेषतः परगावच्या आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचायला. पण काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. ज्या कंपनीच्या साइटवर आम्ही पान काढलं तिच्याकडून एक मुलगा रोज फोन करायचा. फोटो बदला म्हणायचा. भावाचा हसरा फोटो होता, मुलीला खांद्यावर घेतलेला. त्याला नाकात नळी असलेला हवा होता, आणि जमलं तर मुलगी रडताना. भाऊ म्हणाला, माझा कसाही लावा, तिचा एकही नको. उद्या तिच्या वर्गातल्या कोणी दाखवला तर? मग मुलीचा फोटो आम्ही काढूनच टाकला. दुसरं, त्यांनी जाहिरातीचं पॅकेज देऊ केलं. आम्ही जाहिरात करतो, गोळा होणाऱ्या रकमेतून आमचा वाटा कापून घेऊ. तो वाटा इतका मोठा होता की मला देणाऱ्यांना तोंड दाखवता आलं नसतं. नाही म्हटलं. तिसरं म्हणजे टिप. पैसे भरताना देणगीच्या खाली साइटसाठी टिप आपोआप जोडलेली असते. ती शून्य करता येते, पण किती जणांना दिसणार? भावजयीच्या वडिलांनी हजार भरले, खात्यातून त्याहून जास्त गेले, आणि त्यांना वाटलं आपलंच बोट चुकीचं लागलं. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला आम्ही थेट हॉस्पिटलच्या खात्याकडे वळवलं.

थेट भरण्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या पतसंस्थेचे सीए म्हणाले की नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर रक्कम तुमच्या खात्यात आली तर आयकराच्या नियमात ती उत्पन्नात धरली जाऊ शकते. लोकांनी औषधाला दिलेल्या पैशावर कर भरायची वेळ कशाला आणायची? पैसे पेशंटच्या नावे हॉस्पिटलमध्येच जमा झाले की प्रश्न उरत नाही, आणि देणाऱ्याला तिथली पावती मिळते. रोख देणारे होतेच, त्यांच्यासाठी मी आणि भावजयीने दोघींच्या सहीचं वेगळं खातं काढलं, आणि जमलेले तिथून हॉस्पिटलला पाठवले. घरच्या चालू खात्यात एक रुपया मिसळू दिला नाही. रोज रात्री मी हिशेबाची शीट भरायची आणि रविवारी ती सगळ्यांना पाठवायची. देणाऱ्याचं नाव त्याने सांगितलं तरच, एरवी नुसती रक्कम.

विमा, निधी, ट्रस्ट आणि लोक मिळून आकडा भरला. शेवटचे दोन-अडीच लाख फार छळून आले, कारण तोवर ओळखीतले सगळे देऊन झाले होते. पेशी बनवायला पाठवण्याआधी मोठी रक्कम भरावी लागते. इकडे पोटातल्या गाठी वाढत होत्या, म्हणून मध्ये आजार थोपवून धरायला औषधं चालूच होती.

पेशी काढायच्या दिवशी तो काही तास मशीनला जोडून पडला होता. एका हातातून रक्त जातंय, दुसऱ्यातून येतंय. मग काही आठवडे वाट. मग तीन दिवसांची केमो, या पेशींना शरीरात जागा करून द्यायला. आणि प्रत्यक्ष थेरपी म्हणजे एक छोटीशी पिशवी, काही मिनिटांत संपली. भावजय म्हणाली, "एवढंच?"

खरं त्यानंतर सुरू झालं. ताप चढला, बीपी उतरलं. डॉक्टरांनी हे होणार म्हणून आधीच सांगितलं होतं. त्यावर टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन देतात, मूळचं संधिवाताचं. एक रात्र आयसीयूत गेली. मेंदूवर परिणाम होतोय का हे बघायला सिस्टर रोज येऊन त्याला शंभरपासून दहा-दहा कमी करत मोजायला सांगायच्या, पेन दाखवून हे काय म्हणून विचारायच्या, आणि एक वाक्य लिहून घ्यायच्या. रोज एक वाक्य, त्याच कागदावर खाली खाली. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, "माझी मुलगी ऐरोलीला आहे." मग "आज चहा बरा होता." तापाच्या दिवसाच्या ओळीत अक्षरं वेडीवाकडी, रेघेवरून घसरलेली आणि वाक्य अर्धवट. सिस्टरने तो कागद बघितला आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. पुढच्या दोन ओळी तशाच. मग अक्षर हळूहळू सरळ झालं. तो कागद मी हिशेबाच्या फाइलीत लावून ठेवला आहे.

रक्त आणि प्लेटलेटचंही सांगायला हवं, कारण ती मदत पैशाची नसते म्हणून लोक मागायला विसरतात. प्लेटलेट देणाऱ्याला मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं. मंडळाच्या मुलांनी कोणी कधी जायचं याचं वेळापत्रक केलं होतं. या पेशंटना रक्त किरणोत्सर्गाने संस्कारित करून द्यावं लागतं, तेही बिलात येतं.

महिन्यानंतरच्या स्कॅनमध्ये बहुतेक गाठी विरलेल्या होत्या, एका ठिकाणी थोडी खूण होती. तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये तीही नव्हती. मी ग्रुपवर लिहिलं, "आज आजार दिसत नाही. बरा झाला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, आम्हीही म्हणत नाही."

फोन करणाऱ्यांना मी एस्टिमेटच्या पुढचाही खर्च धरायला सांगते, कारण तो कोणी धरत नाही. या पेशी कॅन्सरच्या बी-पेशींबरोबर चांगल्या बी-पेशीही मारतात. त्यामुळे शरीरात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं पुरेशी तयार होत नाहीत आणि साध्या सर्दीची भीती वाटते. भावाला इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे बाहेरून दिलेल्या प्रतिपिंडांची, सलाइन घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही. सुरुवातीचे आठवडे हॉस्पिटलच्या जवळ राहावं लागतं, म्हणून खारघरला खोली घेतली होती, तिचं भाडं. त्या काळात गाडी चालवायची नाही, कामावर जायचं नाही, म्हणजे पगार नाही. भाचीला खोकला झाला की ती माझ्याकडे कळव्याला. हे सगळं धरून मागा. एकदा मागून झालं की पुन्हा त्याच माणसाकडे जाणं फार जड जातं.

आमच्याकडे शेवटी थोडी रक्कम उरली, विम्याचा शेवटचा हप्ता उशिरा आला म्हणून. मी देणाऱ्यांना विचारलं की परत हवे असतील तर सांगा, नाहीतर सलाइनसाठी ठेवते, आणि त्यातूनही उरले तर हॉस्पिटलच्या सोशल वर्क विभागाला दुसऱ्या पेशंटसाठी देते. परत कोणी मागितले नाहीत. एका माणसाने विचारलं की सलाइन किती महिने लागेल. मी डॉक्टरांना विचारून कळवलं की रक्तातली पातळी बघून ठरेल.

भाऊ आता अर्धा दिवस कामावर जातो. हिशेबाची शीट चालू आहे. सलाइनचं प्रत्येक बिल तिच्यात चढतं. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे, त्याचा रिपोर्ट जसा येईल तसा ग्रुपवर टाकणार आहे.